उपजीविकेपलीकडचे कर्म : हेब्बाळचा वीरगळ आणि छंदाचे साधनामूल्य

मनुष्याने आपल्या वाट्याला आलेले काम चोख करावे, हा उपदेश भारतातील बहुतेक सर्व धर्मपरंपरांनी केला आहे. परंतु जे काम कोणी वाट्याला दिलेले नाही, ज्याचा मोबदला मिळत नाही आणि जे केले नाही तर कोणी जाबही विचारणार नाही, अशा कामात जीव ओतणाऱ्या मनुष्याविषयी या परंपरा थेट असे फारसे बोलत नाहीत. व्यवहारात अशा कामाला छंद म्हणतात आणि त्याची गणना विरंगुळ्यात करतात. तथापि छंद म्हणून हाती घेतलेल्या कामात मनुष्य वर्षानुवर्षे गुंततो, त्यातील बारकावे आत्मसात करतो, आपल्याच चुका पुन्हा पुन्हा सुधारत उत्तमतेच्या जवळ जातो आणि हे घडत असताना स्वतःही बदलत जातो, असे वारंवार दिसून येते. या बदलाला धर्मदृष्ट्या काही मूल्य आहे काय, की तो फावल्या वेळाचा सदुपयोग एवढाच समजावा, असा प्रश्न त्यातून उभा राहतो. बंगळुरूच्या उत्तरेकडील हेब्बाळ येथे सापडलेला एक शिलालेख आणि त्याच्या निमित्ताने एकत्र आलेली माणसे यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करता येतो, कारण तेथे छंद, विद्या आणि लोकजीवन या तिन्हींचा संबंध विशेष स्पष्टपणे पाहावयास मिळतो.

हेब्बाळची आजची ओळख म्हणजे तेथील उड्डाणपूल, विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावरील वाहनांच्या रांगा, जवळच्या संगणक-कंपन्यांची संकुले आणि या सगळ्याच्या कडेला अजून तग धरून असलेला तलाव. याच वस्तीत २०१८ मध्ये खोदकामाच्या वेळी एक वीरगळ उजेडात आला. युद्धात किंवा गावाचे, गुराढोरांचे रक्षण करताना मरण पावलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेली कोरीव शिळा म्हणजे वीरगळ. महाराष्ट्रातही गावोगावच्या देवळांच्या आवारात अशा शिळा आढळतात, परंतु त्यांपैकी बहुतेकांवर केवळ शिल्पे असतात, अक्षरे नसतात. हेब्बाळच्या शिळेवर मात्र कन्नड लेख आहे. तो पश्चिम गंग घराण्यातील श्रीपुरुष या राजाच्या कारकिर्दीतील असून अभ्यासक त्याचा काळ साधारणपणे इ. स. ७५० असा मानतात. पेर्बोळल या नावाने तेव्हा ओळखल्या जाणाऱ्या या प्रदेशावर रट्टांची, म्हणजे राष्ट्रकूटांची, स्वारी झाली असता कित्तय्या नावाचा वीर लढताना पडला, असा त्या लेखाचा आशय आहे. ज्या राष्ट्रकूट घराण्याने पुढे काही वर्षांतच वेरूळचे कैलास लेणे खोदविले, त्याच घराण्याच्या सैन्याशी झुंजताना कित्तय्याला मरण आले, हे लक्षात घेतले म्हणजे मराठी वाचकाला ही शिळा परकी वाटण्याचे कारण उरत नाही. बंगळुरूचे नाव ज्यात प्रथम येते तो बेगूर येथील लेख सुमारे इ. स. ८९० चा आहे; हेब्बाळचा लेख त्याहून शतकाहून अधिक काळ जुना असून शहराच्या परिसरात आजवर मिळालेल्या कन्नड शिलालेखांत तो सर्वांत प्राचीन मानला जातो.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र या लेखाच्या प्राचीनतेइतकेच महत्त्व तो ओळखणाऱ्या आणि जपणाऱ्या माणसांना आहे. पी. एल. उदय कुमार हे व्यवसायाने अभियंते. २०१७ च्या सुमारास त्यांनी व त्यांच्यासारख्या काही समविचारी लोकांनी बंगळुरूतील शिलालेख शोधण्याचे, त्यांची जागा नकाशावर नोंदविण्याचे आणि त्यांच्या रक्षणासाठी स्थानिक लोकांना जागे करण्याचे काम हाती घेतले. त्यासाठी त्यांनी आधार घेतला तो बेंजामिन लुईस राइस यांच्या ‘एपिग्राफिया कर्नाटिका’ या ग्रंथमालेचा, जिच्या १९०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नवव्या खंडात बंगळुरू जिल्ह्यातील लेखांचे वाचन दिलेले आहे. स्वतः राइसही आरंभी पुरालेखांचे अधिकारी नव्हते; १८३७ मध्ये बंगळुरूतच जन्मलेले हे गृहस्थ म्हैसूर संस्थानाच्या शिक्षण खात्यात नोकरी करीत होते आणि तेथे असतानाच गावोगावच्या दगडांवरील अक्षरांनी त्यांचे लक्ष वेधून घेतले होते. राइस यांच्यानंतरच्या शतकात शहर वाढत गेले आणि त्यांनी नोंदविलेल्या शिळांपैकी कित्येक पायांत, भिंतींत, गटारांत आणि रस्त्यांखाली नाहीशा झाल्या. उरलेल्या शिळा शोधणाऱ्यांत के. धनपाल यांच्यासारखे शहर बससेवेतील चालकही आहेत, ज्यांनी नोकरी सांभाळून बंगळुरूच्या आसपासचे अनेक शिलालेख व वीरगळ शोधून काढले आहेत. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या मिथिक सोसायटी या संस्थेने २०२१ पासून या शिलालेखांचे त्रिमितीय अंकीय जतन करण्याचा प्रकल्प चालविला असून, सुट्टीच्या दिवसांत सुरू झालेल्या हौशी कामाला त्यातून शिस्तबद्ध विद्येचे रूप आले आहे. मल्लेश्वरम येथील काडु मल्लेश्वर देवळाजवळचा १६६९ चा लेख, ज्यात शहाजीराजांचे पुत्र एकोजी यांनी देवाला गाव इनाम दिल्याची नोंद आहे, तोही याच शिलालेख-परंपरेचा भाग आहे आणि बंगळुरूशी असलेल्या मराठ्यांच्या संबंधाची साक्ष देतो.

अशा कामाचे मूल्य ठरविताना पहिली अडचण येते ती स्वधर्माच्या कल्पनेची. स्वधर्म म्हणजे ज्याचे त्याला विहित असलेले कर्तव्य. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात असे प्रतिपादन आहे की, आपापल्या कर्मात रत राहूनच मनुष्य सिद्धीला पोचतो आणि दुसऱ्याचे काम अधिक चांगले जमत असले तरी स्वतःचे, सदोष का असेना, कर्मच श्रेयस्कर होय. वारकरी संतांचे आचरणही याच दिशेने बोट दाखविते. सावता माळी यांनी मळा सोडला नाही, गोरोबा चाक फिरवीत राहिले, सेना न्हावी आपल्या धोकटीसह भक्तीच्या वाटेवर चालले. देव शोधण्यासाठी यांपैकी कोणालाही आपल्या उद्योगाबाहेर जावे लागले नाही. या दृष्टीने पाहता, कामाचे आठ तास कसेबसे उरकून आपली उमेद छंदासाठी राखून ठेवणारा मनुष्य स्वधर्मात कसूर करतो, असे म्हणावे लागेल. हा आक्षेप गंभीर आहे आणि छंदाचे गोडवे गाऊन त्याची वासलात लावता येणार नाही.

आक्षेपाचे उत्तर गीतेच्याच विवेचनात आहे. तेथे स्वधर्माचा पाया म्हणून स्वभाव सांगितला आहे, आणि स्वभाव म्हणजे मनुष्याच्या प्रकृतीची घडण, तिच्यातील गुणांचे प्रमाण आणि त्यातून उपजणारा ओढा. ज्या समाजात व्यवसाय जन्माने ठरत असे, त्या समाजात स्वभाव आणि उपजीविका एकच आहेत असे गृहीत धरले गेले. या गृहीतकाने असंख्य माणसांवर, विशेषतः ज्यांच्या वाट्याला हलकी ठरविलेली कामे आली त्यांच्यावर, घोर अन्याय केला, हे विसरून चालणार नाही. आज व्यवसाय जन्माऐवजी बाजारातील मागणीवरून ठरतो. पण स्वभावाशी त्याचा मेळ बसेलच याची खात्री तेव्हाही नव्हती आणि आताही नाही. मोठ्या कारभारात एकेकाच्या वाट्याला कामाचा लहानसा तुकडा येतो, ज्याचा आरंभ दुसऱ्याने केलेला असतो आणि ज्याचा शेवट तिसराच पाहतो. अशा कामात प्रामाणिकपणा आणि कसोशी दाखविता येते व दाखविलीही पाहिजे. तरीही मनुष्याचा संपूर्ण स्वभाव त्यात मावत नाही. जो भाग मावत नाही त्यालाही स्वतःचा धर्म आहे, आणि तो भाग आयुष्यभर उपाशी ठेवणे हा स्वधर्माचा आदर म्हणता येणार नाही.

बौद्ध परंपरेतील आर्य अष्टांगिक मार्गाची रचना या बाबतीत विचार करण्याजोगी आहे. या मार्गाच्या आठ अंगांत सम्यक आजीव, म्हणजे कोणाला इजा न करता केलेली निर्मळ उपजीविका, हे एक अंग आहे. परंतु सम्यक व्यायाम, म्हणजे चित्तातील चांगल्या वृत्ती जागविण्याचा व वाढविण्याचा नेटाचा प्रयत्न, हे त्याहून वेगळे अंग म्हणून सांगितले आहे. उपजीविका शुद्ध असली पाहिजे, पण प्रयत्नाचे क्षेत्र तेवढ्यापुरते आखलेले नाही, असा या विभागणीचा अर्थ घेता येतो. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल यानेही आपल्या नीतिशास्त्रात अशाच स्वरूपाचा विचार मांडला आहे. त्याच्या मते मनुष्य धडपडतो ती अखेर उसंत मिळावी म्हणून, आणि ही उसंत म्हणजे पुन्हा कामाला लागण्यासाठी घेतलेली विश्रांती नसून जे स्वतःखातर करण्याजोगे आहे ते करण्याचा अवकाश होय. खेळ व करमणूक यांना तो या अवकाशाचे साध्य मानीत नाही, कारण करमणूक थकवा घालविते आणि पुन्हा श्रमाकडेच परत पाठविते. उसंतीत मनुष्य काय करतो यावरून त्याच्या जीवनाची प्रत ठरते, हा त्या विचाराचा गाभा आहे. तो मांडणाऱ्याच्या समाजात ही उसंत गुलामांच्या श्रमावर उभी होती, ही त्याची मर्यादाही तितकीच खरी आहे.

येथून पुढचा प्रश्न असा की, उसंतीतील कोणत्या कृतीला उत्तमतेचा मार्ग म्हणावे आणि कोणत्या कृतीला केवळ वेळ घालविणे म्हणावे. ॲलस्डेअर मॅकिन्टायर या तत्त्वज्ञाने १९८१ च्या ‘आफ्टर व्हर्च्यू’ या ग्रंथात केलेला एक भेद या ठिकाणी उपयोगी पडतो. पैसा, मान, प्रसिद्धी यांसारखी फळे कोणत्याही कामातून मिळू शकतात, म्हणून ती त्या कामाला बाह्य असतात. उलट काही फळे अशी असतात की, ती त्या त्या विद्येच्या किंवा कलेच्या अंतरंगात शिरल्याशिवाय मिळतच नाहीत आणि ज्याने तो अभ्यास केला नाही त्याला ती धड ओळखताही येत नाहीत. शिलालेखाच्या अभ्यासात हा भेद अगदी स्पष्ट होतो. झिजलेल्या दगडावर तिरपा प्रकाश पडला की पुसट वाटणारी रेघ खोलवर कोरलेली आहे की दगडाचीच चीर आहे, हे ओळखण्यासाठी डोळा तयार व्हावा लागतो. आठव्या शतकातील अक्षरांचे वळण दहाव्या शतकातील वळणापासून वेगळे करता येण्यासाठी शेकडो लेख नजरेखालून जावे लागतात. आणि एक अक्षर निश्चितपणे वाचता आल्याचा जो आनंद असतो तो पैशाने विकत घेता येत नाही किंवा दुसऱ्याच्या सांगण्यावरून मिळविता येत नाही. अशा अंतर्गत फळांची ओढ लागते तेव्हा छंदाचे स्वरूप पालटते. आवडीने सुरुवात केलेली असते. परंतु पुढे काय बरोबर आणि काय चूक, हे आवड ठरवीत नाही, समोरचा दगड ठरवितो.

या पालटासाठी काय लागते, हे पतंजलीच्या योगसूत्रांतील अभ्यासाच्या विवेचनात सांगितलेले आहे. अभ्यास म्हणजे चित्त एका जागी स्थिर राहावे म्हणून केलेला यत्न. आणि तो दृढ होण्यासाठी तीन अटी घातल्या आहेत. तो दीर्घकाळ चालला पाहिजे, त्यात खंड पडता कामा नये आणि तो सत्काराने, म्हणजे विषयाविषयी आदर बाळगून, केला पाहिजे. अभ्यासाच्या जोडीला वैराग्य सांगितले आहे, ज्याचा अर्थ जगाचा कंटाळा असा नसून भोगाच्या तहानेवर मिळविलेला ताबा असा आहे. सूत्रकारांच्या पुढे ध्यानाचा विषय होता, वीरगळांचा नव्हता. तरीही या अटी सर्व विद्यांना लागू पडतात. दीर्घकाळ आणि अखंडता या अटींपाशीच बहुतेक छंद गळून पडतात, कारण नवेपणा ओसरल्यावर उरणारे काम कंटाळवाणे असते. तिसरी अट त्याहून सूक्ष्म आहे. ज्याला विषयाविषयी आदर नाही तो विषयाचा उपयोग स्वतःला मिरविण्यासाठी करतो, आणि मग अवघड ठिकाणी थांबून माहीत नसल्याचे कबूल करण्याऐवजी सोयीचा अर्थ लावून मोकळा होतो.

महाराष्ट्र व गोवा यांच्या अलीकडच्या बौद्धिक इतिहासात या तिन्ही अटी पाळणाऱ्या माणसांची परंपराच दिसते. एकोणिसाव्या शतकात मूळचे गोव्याचे डॉ. भाऊ दाजी लाड मुंबईत वैद्यकी करीत असताना अजिंठ्याचे व इतर ठिकाणचे प्राचीन लेख वाचण्यात गढलेले होते. पांडुरंग वामन काणे मुंबई उच्च न्यायालयात वकिली करीत. ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाच्या आवृत्तीसाठी धर्मशास्त्राच्या इतिहासाची प्रस्तावना लिहावी, या विचारातून त्यांचे काम सुरू झाले आणि ते वाढत वाढत १९३० ते १९६२ या काळात पाच खंडांच्या ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या इंग्रजी ग्रंथात परिणत झाले. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे उदाहरण तर या विषयाच्या दृष्टीने सर्वांत अर्थपूर्ण आहे. १९०७ मध्ये गोव्यात जन्मलेले कोसंबी व्यवसायाने गणितज्ञ होते आणि १९४५ पासून १९६२ पर्यंत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करीत होते. संख्याशास्त्र नीट समजून घेण्यासाठी हाताळता येण्याजोगा प्रत्यक्ष प्रश्न हवा, म्हणून ते प्राचीन आहत नाण्यांकडे, म्हणजे ठसे मारून तयार केलेल्या चांदीच्या तुकड्यांकडे, वळले. नाणे हातोहात फिरते तसे झिजते आणि त्याचे वजन घटत जाते. अनेक नाणी काटेकोरपणे तोलून या घटीचा हिशेब मांडला तर कोणती नाणी जास्त काळ चलनात होती हे सांगता येते, असा त्यांचा सिद्धान्त होता, आणि तो पडताळण्यासाठी त्यांनी आपल्या काळातील चलनी नाणीसुद्धा तोलून पाहिली. नाण्यांवरून ते ती पाडणाऱ्या राजांकडे, राजांवरून संस्कृत ग्रंथांकडे आणि ग्रंथांवरून डोंगरवाटांवरील लेण्यांकडे व दगडी हत्यारांकडे गेले. भर्तृहरीच्या सुभाषितांची १९४८ ची चिकित्सक आवृत्ती आणि १९५६ चा भारतीय इतिहासाच्या अभ्यासाचा ग्रंथ ही त्या वाटचालीची फळे आहेत.

कोसंबी धर्मश्रद्धेच्या भाषेत बोलणारे नव्हते. गीतेची त्यांनी केलेली समाजशास्त्रीय चिकित्सा कठोर आहे. त्यामुळे त्यांचे उदाहरण धर्मविचारात आणणे कोणाला विसंगत वाटेल. परंतु त्यातूनच एक महत्त्वाची गोष्ट सिद्ध होते. देव न मानणाऱ्या मनुष्यालाही सत्यापुढे नमते घ्यावे लागते, आणि तराजूतील नाण्याचे वजन आपल्या सिद्धान्ताच्या विरुद्ध गेले तर सिद्धान्त सोडावा लागतो. धर्मग्रंथ ज्याला अहंकाराचा लोप म्हणतात त्याचा हा एक लहान पण खरा प्रकार आहे. अध्यात्मात जे एकदम आणि संपूर्ण घडावे अशी अपेक्षा असते, ते विद्येच्या उपासनेत थोडे थोडे आणि पुन्हा पुन्हा घडते. वैयक्तिक उत्कर्ष ज्याला म्हणतात तो या नमण्यातूनच येतो, आणि जो मनुष्य त्या उत्कर्षावरच नजर ठेवून चालतो त्याला तो सहसा गाठता येत नाही, ही या विषयातील सर्वांत लक्षणीय गोष्ट आहे. गीतेने सात्त्विक कर्त्याची जी लक्षणे सांगितली आहेत त्यांत आसक्ती व अहंभाव यांचा अभाव जसा आहे, तसाच धृती व उत्साह यांचा समावेशही आहे. धृती म्हणजे टिकून राहण्याची शक्ती आणि उत्साह म्हणजे आतून येणारी उभारी. फळाची हाव सुटली म्हणजे उमेदही सुटते, असे मानणाऱ्यांना हे लक्षण उत्तर देते. बिनमोबदल्याच्या कामात फळाची हाव मुळातच कमी असते, म्हणून निष्काम कर्माचा, म्हणजे फळावर हक्क न सांगता केलेल्या कर्माचा, सराव करण्यासाठी हे क्षेत्र अनुकूल आहे. अनुकूल आहे इतकेच. आपोआप निष्काम नाही. कारण पैशाची जागा कौतुक घेऊ शकते, आणि कौतुकाची चटक पैशाच्या चटकेहून सौम्य असतेच असे नाही.

इतिहासाच्या क्षेत्रात या चटकेचे परिणाम विशेष घातक ठरतात. आपल्या जातीची, गावाची किंवा भाषेची थोरवी वाढावी म्हणून लेखाचे वाचन वाकविणारे, काळ मागे ढकलणारे आणि दंतकथेला पुरावा म्हणून उभे करणारे हौशी अभ्यासक सर्व प्रांतांत आढळतात. त्यांचा उत्साह खरा असतो, श्रमही खरे असतात. उणीव असते ती सत्काराची. म्हणून हौशी मनुष्याने पुरालेखविद्येच्या जाणकारांपुढे आपले वाचन ठेवणे, दगडाचा ठसा किंवा अंकीय प्रतिमा इतरांना तपासता येईल अशी खुली करणे आणि चूक दाखविली गेली की ती मान्य करणे, ही कार्यपद्धतीची कलमे असली तरी त्यांना नैतिक अर्थ आहे. त्रिमितीय प्रतिमेचा मोठा लाभ हाच की, एका व्यक्तीच्या डोळ्यावर विसंबून न राहता अनेकांना तेच अक्षर निरनिराळ्या बाजूंनी पाहता येते आणि मतभेदाचा निर्णय पुराव्यावर सोपविता येतो.

दुसरा आक्षेप सामाजिक न्यायाच्या अंगाने येतो आणि तोही टाळण्यासारखा नाही. छंदाला उसंत लागते, आणि उसंत सर्वांना सारखी मिळत नाही. घरातील एकाला रविवारची सकाळ दगड शोधण्यासाठी मोकळी मिळते, तेव्हा त्या सकाळचा स्वयंपाक, मुलांचे आणि वृद्धांचे करणे दुसऱ्या कोणावर, बहुधा स्त्रीवर, पडलेले असते. तिच्या स्वभावाचा जो भाग संसारात मावत नाही त्याचा विचार न करता केलेली उत्कर्षाची चर्चा अपुरी होय. बहिणाबाई चौधरी (१८८० ते १९५१) यांची कविता शेतात आणि जात्यावर जन्मली आणि त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली, याचा अभिमान बाळगताना, त्यांना वेगळी उसंत अशी मिळालेली नव्हती याचीही खंत वाटली पाहिजे. त्यांची प्रतिभा श्रमातून वाट काढू शकली. ज्यांची काढू शकली नाही त्यांची गणती कोणी केलेली नाही. म्हणून उसंतीची न्याय्य वाटणी, मग ती घरात असो वा कामाच्या ठिकाणी, हा धर्मविचाराचाच भाग मानला पाहिजे. बसच्या चाकामागे पाळी संपवून शिलालेखांच्या शोधात निघणाऱ्या चालकाचे उदाहरण हेच सांगते की, विद्येची ओढ ही विशिष्ट वर्गाची मिरासदारी नाही. तिला वाट मिळते की नाही, एवढाच फरक असतो.

या दोन्ही आक्षेपांना सामावून घेणारा विचार कर्नाटकाच्याच भूमीत बाराव्या शतकात मांडला गेला आहे. महाराष्ट्राच्या सीमेलगत, बीदर जिल्ह्यात असलेल्या आजच्या बसवकल्याण येथे बसवेश्वर व त्यांचे सहकारी शरण यांनी कायक आणि दासोह या दोन कल्पनांना धर्माचा पाया मानले. कायक म्हणजे देहाने व सचोटीने केलेले श्रम, ज्यात उच्च-नीच भेद नाही. दासोह म्हणजे त्या श्रमाचे फळ नम्रपणे समाजाला अर्पण करणे. आय्दक्की मारय्या आणि त्यांची पत्नी लक्कम्मा यांच्याविषयीची कथा या दृष्टीने बोलकी आहे: सांडलेले तांदूळ वेचून निर्वाह करणारे मारय्या एके दिवशी गरजेहून अधिक तांदूळ घेऊन आले, तेव्हा लक्कम्मांनी त्यांना जास्तीचे दाणे परत टाकून येण्यास सांगितले. उपजीविकेला सीमा असावी, हा या कथेचा उपदेश आहे, आणि अशी सीमा घातली गेली तरच मनुष्याजवळ अर्पण करण्याजोगा वेळ व बळ उरते. दासोहाची दुसरी बाजू अशी की, जे मिळविले ते स्वतःपाशी साठवू नये; आणि ज्ञानही मिळविलेली गोष्टच आहे. हेब्बाळच्या शिळेसाठी लोकवर्गणीतून आणि तेथील रहिवाशांच्या साहाय्याने मंडप उभा राहिला, तेव्हा काही हौशी लोकांचे ज्ञान वस्तीच्या मालकीचे झाले, आणि कायकाची सांगता दासोहात होणे म्हणजे काय, याचा तो आजच्या काळातील दाखला ठरला.

प्राचीन वैदिक विचारातील ऋणाची कल्पना याला आणखी खोली देते. मनुष्य जन्मतःच देव, ऋषी आणि पितर यांचा ऋणी असतो आणि त्यांपैकी ऋषिऋण अध्ययनाने फिटते, असे तेथे सांगितले आहे. ऋषिऋण म्हणजे आधीच्या पिढ्यांनी कमावून ठेवलेल्या ज्ञानाचे देणे. आजचे विद्यापीठ किंवा नोकरी हे देणे फेडण्याची सोय करतेच असे नाही. परंतु कोणाच्याही आज्ञेविना एखादी विद्या शिकून, तिच्यात थोडी भर घालून ती पुढच्यांच्या स्वाधीन करणारा मनुष्य ते देणे फेडीत असतो. कित्तय्यासाठी शिळा उभारणाऱ्यांची अपेक्षा एवढीच असणार की, त्याचे नाव वाचले जावे. साडेबाराशे वर्षांनंतर ती अपेक्षा पुरी झाली ती अशा लोकांकडून, ज्यांना हे काम नेमून दिलेले नव्हते, आणि ऋण या कल्पनेला रक्ताच्या नात्याबाहेर केवढा विस्तार आहे हे त्यातून दिसते.

राहिला प्रश्न छंद आणि नोकरी यांच्या परस्परसंबंधाचा. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या गीताप्रवचनांत विनोबा भावे यांनी विकर्म या संज्ञेचा वेगळा अर्थ लावला. बाहेरून दिसणारी क्रिया म्हणजे कर्म, आणि त्या क्रियेत चित्ताने घेतलेला विशेष सहभाग म्हणजे विकर्म. या दोहोंचा संयोग झाला म्हणजे कर्माचे ओझे उरत नाही आणि अकर्माची, म्हणजे करूनही न केल्यासारख्या हलकेपणाची, अवस्था येते. चित्ताचा हा सहभाग एकदम साधत नाही. तो शिकावा लागतो, आणि जेथे ओढ नैसर्गिक असते तेथे तो लवकर शिकता येतो. पुसट अक्षरासमोर धीर धरायला शिकलेला मनुष्य कचेरीतील रुक्ष कागदासमोरही तोच धीर आणू शकतो. स्वतःच्या वाचनातील चूक खुलेपणाने मान्य करण्याची सवय लागलेला अभियंता आपल्या आराखड्यातील चूक लपविण्यास धजावत नाही. या अर्थाने छंद हा स्वधर्माचा प्रतिस्पर्धी नाही. नोकरीत जो स्वभाव मावत नव्हता त्याला वळण लावून तो पुन्हा नोकरीतही घेऊन येतो, आणि संतांनी आपल्या उद्योगातच देव पाहिला त्यामागील एकाग्रतेपर्यंत जाण्याची ती सामान्य माणसासाठी उपलब्ध असलेली एक वाट होय.

यावरून छंदाचे साधनामूल्य ठरविण्याच्या कसोट्या स्पष्ट होतात. कामाची प्रत कर्त्याच्या आवडीवर न ठरता विषयाच्या सत्यावर ठरली पाहिजे. अभ्यास दीर्घ, अखंड आणि आदरयुक्त असला पाहिजे. त्यासाठी लागणारी उसंत दुसऱ्याच्या श्रमावर डल्ला मारून मिळविलेली नसावी. आणि त्याचे फळ अखेर लोकांच्या हाती गेले पाहिजे. या कसोट्यांना उतरणारे काम पगारपत्रकात कधीही न दिसणारे असले तरी धर्माच्या दृष्टीने ते दुय्यम नाही, कारण मनुष्याला स्वतःहून मोठ्या गोष्टीपुढे नम्र करणे आणि त्या नम्रतेतूनच त्याला मोठे करणे, हे धर्माचे कार्य ते पार पाडते. ज्या समाजाला आपल्या माणसांचा उत्कर्ष हवा आहे त्याने त्यांच्या कामाचे तास मोजावेतच, पण त्या तासांपलीकडे त्यांना काय शिकण्यास, जपण्यास आणि देण्यास वाव मिळतो, याचीही तितकीच काळजी वाहिली पाहिजे.